कान्होजी आंग्रे : दस्तक, तह आणि सागरी सत्तेचा प्रश्न

१

अठराव्या शतकाच्या पहिल्या तीन दशकांत मुंबईपासून गोव्यापर्यंतच्या किनाऱ्यावरील राजकारणाचा विचार कान्होजी आंग्रे या पुरुषाला वगळून करता येत नाही. मराठी दप्तरांत त्याचा उल्लेख सरखेल, म्हणजे आरमाराचा अधिपती, असा येतो. ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदपत्रांत मात्र त्याच पुरुषाला चांचा म्हटलेले आढळते. कान्होजीविरुद्धच्या मोहिमांत भाग घेतलेल्या क्लेमेंट डाउनिंग या इंग्रज दर्यावर्दीचा ग्रंथ १७३७ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाला, आणि चांचेगिरीची ही प्रतिमा पुढे दीर्घ काळ इंग्रजी इतिहासलेखनात टिकून राहिली. विसाव्या शतकातील मराठी लेखनाने तिला उत्तर दिले ते बहुधा वीरचरित्राच्या स्वरूपात. परिणामी एका टोकाला दर्यावरचा लुटारू आणि दुसऱ्या टोकाला अजिंक्य आरमारप्रमुख अशा दोन प्रतिमा समोरासमोर उभ्या राहिल्या.

या दोन संज्ञांमागे एक व्यावहारिक स्वरूपाचा वाद आहे. समुद्रात गलबत हाकारणाऱ्या व्यापाऱ्याने परवानगीचा कागद कोणाकडून घ्यावा, हा तो वाद होय. पोर्तुगीज सोळाव्या शतकापासून कार्ताझ नावाचा परवाना देत असत; ज्या जहाजाजवळ तो नसेल ते पकडण्याचा हक्क ते आपला मानीत. इंग्रज आपल्या आश्रयाखालील व्यापाऱ्यांना पास देऊ लागले होते. जंजिऱ्याचा सिद्दी मोगल बादशाहीचा सागरी सरदार या नात्याने आपला अधिकार सांगत असे. कान्होजीने आपले दस्तक सुरू केले आणि ते न घेता जाणारी गलबते अडविण्यास आरंभ केला, तेव्हा व्यवहाराच्या दृष्टीने त्याने नवे असे काही केले नव्हते. नवे होते ते इतकेच, की हा हक्क आता किनाऱ्यावरची एक देशी सत्ता सांगत होती. कान्होजीचे चरित्र म्हणजे या कागदाला मान्यता मिळविण्यासाठी केलेल्या सुमारे तीस वर्षांच्या खटपटीची हकीकत आहे. आणि त्या खटपटीत तोफांइतकाच तहांचा व पत्रांचाही वाटा आहे.

२

आंग्रे घराण्याचे मूळ आडनाव संकपाळ. आंगरवाडी या गावावरून आंग्रे हे आडनाव रूढ झाले, असे परंपरा सांगते. कान्होजीचा पिता तुकोजी शिवाजी महाराजांच्या चाकरीत होता आणि सुवर्णदुर्गाशी त्याचा संबंध होता. कान्होजीचा जन्म १६६९ च्या सुमाराचा मानला जातो. त्याचे बालपण आणि तारुण्य हर्णे-सुवर्णदुर्गाच्या परिसरात, म्हणजे कोळी, भंडारी, गाबीत अशा दर्यावर्दी समाजांच्या सान्निध्यात गेले. पुढील काळात त्याच्या आरमाराचे मनुष्यबळ प्रामुख्याने याच समाजांतून उभे राहिले, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

छत्रपती संभाजी महाराजांचा १६८९ मध्ये झालेला वध, त्याच वर्षी मोगलांच्या हाती पडलेला रायगड आणि राजाराम महाराजांचे जिंजीस प्रयाण या घटनांनी कोकणपट्टीतील मराठी सत्ता जवळजवळ निराधार झाली. किनाऱ्यावरील अनेक ठाणी सिद्दीने घेतली. या धामधुमीत सुवर्णदुर्गाचा किल्लेदार अचलोजी मोहिते सिद्दीशी फितूर झाला असता तरुण कान्होजीने त्याला कैद करून किल्ला राखला, अशी हकीकत आंग्रे घराण्याच्या इतिहासात सांगितली जाते. तिच्यातील तपशिलांवर आख्यायिकेची पुटे चढली असणे शक्य आहे. परंतु केंद्रसत्तेचा हुकूम पोहोचणे अशक्य असताना स्थानिक पुरुषाने स्वतःच्या जबाबदारीवर ठाणे सांभाळले, हा तिचा गाभा त्या काळाच्या परिस्थितीशी जुळणारा आहे. कान्होजीच्या पुढील स्वभावाची घडणही येथेच दिसते. राजा दूर जिंजीला, शत्रू समोर समुद्रात, आणि निर्णय स्वतः घ्यायचा, अशा अवस्थेत तो घडला. सिधोजी गुजर या आरमारप्रमुखाच्या मागून, १६९८ च्या सुमारास, सरखेली कान्होजीकडे आली.

त्याच्या आरमाराची रचना किनाऱ्याच्या भूगोलाशी मिळतीजुळती होती. दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, तोफा वाहणारी गुराब आणि वल्ह्यांवर चालणारे हलके गलबत ही त्याची मुख्य जहाजे. ती उथळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी सहज वावरत. वारा पडला की युरोपियनांची उंच, जड जहाजे जागच्या जागी खिळून राहत. अशा वेळी गलबते गुराबांना ओढीत शत्रूच्या पिछाडीला आणत आणि तेथून मारा होई. माघार घेण्याचा प्रसंग आल्यास कुलाबा, खांदेरी, सुवर्णदुर्ग आणि विजयदुर्ग यांच्या तोफांचा आसरा होताच. अथांग दर्यात युरोपियन जहाजाशी सामना देण्याचे सामर्थ्य या आरमारात नव्हते. कान्होजीने तशी आकांक्षाही फारशी धरली नाही. किनाऱ्यालगतची वाट आपल्या देखरेखीखाली असावी, एवढाच त्याचा आग्रह होता आणि तेवढ्यापुरते त्याचे साधन पुरेसे होते.

३

छत्रपती शाहू १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून आल्यावर मराठी राज्यात दोन गाद्यांचा कलह उभा राहिला. राजाराम महाराजांच्या काळापासून चालत आलेल्या निष्ठेला अनुसरून कान्होजी ताराबाईंच्या पक्षात राहिला. १७१३ मध्ये शाहूंनी पेशवा बहिरोपंत पिंगळे याला त्याच्यावर पाठविले. कान्होजीने या पेशव्याचाच पराभव करून त्याला कैदेत टाकले. लोहगड व राजमाची त्याच्या ताब्यात आली आणि तो साताऱ्यावर चालून येणार अशी भीती निर्माण झाली. शाहूंच्या सत्तेच्या दृष्टीने हा प्रसंग आणीबाणीचा होता.

या पेचातून मार्ग काढला तो बाळाजी विश्वनाथाने. नोव्हेंबर १७१३ मध्ये त्याला पेशवेपद मिळाले आणि कान्होजीचा प्रश्न सोडविणे हे त्याच्यापुढील पहिले काम ठरले. तो मूळचा श्रीवर्धनच्या भट घराण्यातील. सिद्दीच्या जाचामुळे या घराण्याला आपले स्थान सोडावे लागले, असे परंपरेने सांगितले जाते. सिद्दीचे वैर हा दोघांमधील समान धागा होता. युद्धाऐवजी वाटाघाटींचा मार्ग स्वीकारण्यात आला आणि लोणावळ्याजवळील वळवण येथील भेटीतून १७१४ च्या आरंभी समेट घडून आला. कान्होजीने शाहूंचे स्वामित्व मान्य केले, पिंगळ्यांची मुक्तता केली आणि राजमाची वगळता जिंकलेली ठाणी परत दिली. त्याच्या मोबदल्यात त्याची सरखेली कायम झाली व दहा जलदुर्ग आणि सोळा इतर ठाणी यांवरील त्याचा ताबा मान्य करण्यात आला. पाठोपाठ १७१५ मध्ये सिद्दीशीही तह होऊन वादग्रस्त महालांच्या वसुलाची वाटणी ठरली.

वळवणच्या या समेटाला मराठी राज्याच्या इतिहासात मोठे महत्त्व आहे. छत्रपतींचे नाव व सनद राखून सरदाराने आपल्या प्रदेशाचा कारभार स्वतः करावा, ही पुढे सर्वत्र रूढ झालेली व्यवस्था येथे ठळकपणे दिसते. कान्होजीच्या दृष्टीने मात्र त्याचा आणखी एक अर्थ होता. ज्याच्यामागे राजा नाही त्याने समुद्रात गलबते अडविली तर ती लूट ठरते. राजाची सनद असेल तर तीच कृती अंमलबजावणी ठरते. १७१४ नंतर कान्होजीच्या दस्तकामागे साताऱ्याची गादी उभी राहिली. मुंबईकर इंग्रज त्याला बंडखोर म्हणत आले होते. ते म्हणणे आता कागदोपत्री टिकणारे नव्हते.

४

इंग्रजांशी असलेला त्याचा तंटा याहून जुना होता. १७०४ मध्ये मुंबईकरांनी आपला वकील धाडून त्याला इंग्रजी जहाजांच्या वाटेस न जाण्याविषयी बजावले होते. त्याचा काही परिणाम झाला नाही. १७१२ च्या अखेरीस एक प्रसंग घडला आणि त्याने मुंबई हादरली. गव्हर्नर विल्यम एस्लाबी याचे सशस्त्र जहाज आणि कारवारहून मिरी घेऊन येणारे दुसरे एक जहाज कान्होजीच्या आरमाराने पकडले. चकमकीत कारवार वखारीचा प्रमुख थॉमस चाऊन मारला गेला आणि त्याची तरुण पत्नी कान्होजीच्या बंदिवासात पडली. फेब्रुवारी १७१३ मध्ये तीस हजार रुपये घेऊन तिची सुटका करण्यात आली. खंडणीच्या या व्यवहारामुळेच इंग्रजांच्या लेखी कान्होजीच्या नावाला क्रौर्याचा रंग चढला. हा रंग सर्वस्वी खोटा होता असे म्हणता येणार नाही. कैद्यांच्या मोबदल्यात द्रव्य घेणे ही त्या काळातील सर्वच सागरी सत्तांची रीत होती, एवढेच त्याबाबत नमूद करता येईल.

महत्त्वाचे आहे ते या सुटकेबरोबर घडून आलेल्या समझोत्याचे कलम. कंपनीच्या जहाजांना उपद्रव न देण्याचे कान्होजीने मान्य केले. उलटपक्षी इंग्रजी निशाण इंग्रजांच्याच जहाजांनी लावावे, असे ठरले. वरकरणी साध्या वाटणाऱ्या या कलमातच पुढील युद्धाचे बीज होते. मुंबई व सुरत येथील अनेक देशी व्यापारी इंग्रजांच्या आश्रयाने व्यापार करीत. त्यांचा माल इंग्रजी निशाणाखाली जात असे आणि कंपनीच्या अधिकाऱ्यांचा खाजगी व्यापारही त्यात मिसळलेला असे. हा माल इंग्रजांचा की देशी व्यापाऱ्याचा? कान्होजीच्या मते मालक देशी असल्यास त्याने सरखेलांचे दस्तक घेणे प्राप्त होते. इंग्रजांच्या मते त्यांच्या निशाणाखाली आलेले सर्व काही इंग्रजी होते. याच विवादातून त्याने पुढे काही जहाजे पकडली. कंपनीच्या सुरतेतील दलालाच्या मालकीचे एक जहाज त्यांत होते. समझोता मोडल्याचा आरोप दोन्ही पक्षांनी परस्परांवर केला. कलमाच्या शब्दांकडे पाहता दोघांनाही काही आधार होता, आणि दोघांनीही ते आपापल्या सोयीने वाचले.

५

डिसेंबर १७१५ मध्ये मुंबईचा गव्हर्नर म्हणून आलेल्या चार्ल्स बूनने हा प्रश्न शस्त्राने सोडविण्याचे ठरविले. त्याने शहराची तटबंदी पुरी करून घेतली, नवी लढाऊ जहाजे बांधली आणि एकामागून एक मोहिमा काढल्या. विजयदुर्गावरील पहिली स्वारी फसली. नोव्हेंबर १७१८ मध्ये खांदेरीवर झालेला हल्ला फसला. १७२० मध्ये वॉल्टर ब्राउनच्या नेतृत्वाखाली, तोफांसाठी मुद्दाम बांधलेला तराफा बरोबर घेऊन, विजयदुर्गावर पुन्हा चाल झाली. तीही निष्फळ ठरली. तटांची भक्कम बांधणी, उथळ पाणी, इंग्रजी सैन्यातील बेशिस्त आणि किनाऱ्याविषयीचे अज्ञान ही या अपयशांची कारणे होत.

अपयशाचे खापर फोडण्यासाठी मुंबईत एक माणूस सापडला. रामा कामती हा मुंबईतील प्रतिष्ठित गृहस्थ. कंपनीच्या देशी शिपायांचा तो अधिकारी होता आणि वाळकेश्वरच्या देवालयाच्या जीर्णोद्धाराशी त्याचे नाव निगडित आहे. तो कान्होजीशी गुप्त पत्रव्यवहार करतो, असा आरोप ठेवून १७२० मध्ये त्याच्यावर खटला भरण्यात आला. पुराव्यात त्याच्या नावाचे पत्र हजर करण्यात आले, साक्षीदाराचा छळ करून जबानी घेण्यात आली आणि त्याला जन्मठेप देऊन त्याची मालमत्ता जप्त झाली. ते पत्र बनावट असल्याचे पुढे मानले गेले. पण रामा कामतीला त्याचा उपयोग झाला नाही. तो १७२८ मध्ये कैदेतच मरण पावला. कान्होजीच्या चरित्रात हा प्रसंग आडवाटेचा वाटला तरी त्याचा संबंध थेट आहे. जेथे सत्ता कागदावर उभी असते तेथे कागदाचे भयही तितकेच मोठे असते. खरे दस्तक न मानणाऱ्या मुंबईने खोटे पत्र मात्र प्रमाण मानले.

यानंतर इंग्रजांनी पोर्तुगिजांशी हातमिळवणी केली. ऑगस्ट १७२१ मध्ये उभयतांचा करार झाला आणि इंग्लंडच्या राजाची युद्धनौका घेऊन आलेला कमोडोर थॉमस मॅथ्यूज या मोहिमेत सामील झाला. डिसेंबर १७२१ मध्ये संयुक्त सैन्याने कुलाब्यावर चाल केली. अलिबागच्या किनाऱ्यावर उभा असलेला हा किल्ला भरतीच्या वेळी पाण्याने वेढला जातो आणि ओहोटीला पायवाटेने गाठता येतो. कान्होजीच्या दृष्टीने हा सर्वांत कठीण प्रसंग होता. कारण या वेळी समुद्र व जमीन अशा दोन्ही बाजूंनी कोंडी झाली होती. या प्रसंगी वळवणचा समेट उपयोगी पडला. शाहूंच्या आज्ञेने पेशवा पहिला बाजीराव आणि पिलाजी जाधव फौजेसह घाट उतरून आले. इंग्रजांचा हल्ला मोडला, दोस्तांमध्ये बेबनाव झाला आणि जानेवारी १७२२ मध्ये पोर्तुगिजांनी मराठ्यांशी स्वतंत्र तह केला. एकाकी पडलेल्या इंग्रजांना मुंबईस परतावे लागले. १७२४ मध्ये डचांनीही विजयदुर्गावर हल्ला करून पाहिला. त्यांनाही माघार घ्यावी लागली.

कुलाब्याचा बचाव हा कान्होजीचा मोठा विजय म्हणून सांगितला जातो, आणि तो तसा आहेही. परंतु त्यातून त्याच्या सत्तेची मर्यादाही स्पष्ट होते. समुद्रावरील हक्क राखण्यासाठी अखेर घाटावरची फौज यावी लागली. सातारा आणि कुलाबा यांच्यातील दुवा जोवर शाबूत होता तोवरच किनारा सुरक्षित होता.

६

बूननंतर मुंबईस आलेल्या गव्हर्नर विल्यम फिप्सने १७२४ मध्ये कान्होजीशी पत्रव्यवहार केला. त्यात त्याने जुन्या तक्रारी पुन्हा मांडल्या आणि लुटीवर उभी असलेली सत्ता टिकत नाही, असा नीतिपाठ दिला. कान्होजीचे उत्तर त्याच्या समग्र भूमिकेचा सारांश म्हणून पाहता येते. दुसऱ्याचे आपले करण्याची इच्छा व्यापाऱ्यांनाही सुटलेली नाही, जगाची रहाटीच तशी आहे, असे त्याने कळविले. आणि ज्या राज्याची स्थापना शिवाजी महाराजांनी अनेक पातशाह्यांशी झुंजून केली त्या राज्याला लुटारूपणाचे दूषण देणे व्यापाऱ्यांना शोभत नाही, असे बजावले. या उत्तरात आवेशापेक्षा तर्क अधिक आहे. मुंबईकर स्वतःला एकाच वेळी व्यापारी आणि सत्ताधारी समजतात, ही विसंगती त्याने अचूक हेरली. पास देणे, निशाण लावणे, तट बांधणे, लढाऊ जहाजे राखणे ही राजसत्तेची कामे आहेत. ती करणाऱ्याने राजसत्तेच्या भाषेत बोलावे, व्यापाऱ्याच्या निरागसतेची ढाल पुढे करू नये, असा त्याचा आशय आहे.

हे पत्र अभ्यासकांना परिचित आहे ते इंग्रजी दप्तरातील इंग्रजी रूपात. कान्होजीचा आवाज प्रतिपक्षाच्या भाषेतून येतो, ही गोष्ट त्याच्या चरित्राचे साधन वापरताना विसरून चालणार नाही. वाक्यांचा डौल भाषांतरकाराचा असू शकेल. युक्तिवाद मात्र मराठी राजनीतीशी सुसंगत आहे. याला त्याच काळातील एका ग्रंथाची साक्ष मिळते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमार हे राज्याचे स्वतंत्र अंग मानले आहे, कौल घेतलेल्या व्यापारी गलबतांस उपद्रव देऊ नये असे सांगितले आहे आणि टोपीकर हे सामान्य सावकारांसारखे नसून त्यांच्यामागे त्यांची राज्ये आहेत, असा सावध इशारा दिला आहे. आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे, आणि ते कोल्हापूरच्या गादीच्या वतीने लिहिलेले. म्हणजे १७१४ मध्ये कान्होजीने ज्या पक्षाला सोडले त्या पक्षाचे. राजकारणात परस्परविरोधी असलेल्या दोन गोटांत समुद्राविषयीचा विचार इतका समान असावा, यावरून तो एका सरदाराचा लहरी पवित्रा नव्हता, तर शिवकाळापासून चालत आलेली राज्यदृष्टी होती, असे अनुमान करता येते.

७

उत्तरायुष्यात कान्होजीचा परशुराम क्षेत्रातील ब्रह्मेंद्रस्वामी यांच्याशी निकटचा संबंध आला. शाहू, पेशवे आणि आंग्रे या सर्वांना गुरुस्थानी असलेले हे स्वामी कोकणच्या राजकारणातील एक महत्त्वाचे मध्यस्थ होते. एका हत्तीवरून उद्भवलेल्या तंट्यातून सिद्दी सात याने १७२७ मध्ये परशुरामच्या देवस्थानाचा विध्वंस केला, तेव्हा स्वामी कान्होजीवरही रुष्ट झाले. सिद्दीविरुद्ध तत्काळ युद्ध पुकारावे अशी अपेक्षा होती. कान्होजीने मात्र घाई केली नाही. आयुष्यभर सिद्दीशी झगडलेल्या या पुरुषाने वृद्धापकाळी संयम पाळला, याचा अर्थ दुर्बलता असा लावण्यापेक्षा तहांच्या नाजूक समतोलाची त्याला असलेली जाण म्हणून लावणे अधिक युक्त ठरेल.

४ जुलै १७२९ रोजी कान्होजीचे निधन झाले. अलिबाग येथे त्याची समाधी आहे. त्याच्यामागून सरखेली सेखोजीकडे आली. सेखोजी १७३३ मध्ये वारला आणि संभाजी व मानाजी या भावांमध्ये कलह पेटला. मानाजी कुलाब्यास, संभाजी सुवर्णदुर्ग-विजयदुर्गाकडे, अशी घराण्याची आणि आरमाराची फाळणी झाली. संभाजीनंतर दक्षिणेकडील भाग तुळाजीकडे आला. त्याचे आणि पेशव्यांचे बिनसले. १७५६ मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या संयुक्त मोहिमेत विजयदुर्ग पडला आणि आंग्र्यांचे तेथील आरमार जळून गेले. १७२१ मध्ये कुलाबा वाचविण्यासाठी ज्या पेशव्यांची फौज घाट उतरली होती, त्याच पेशव्यांचे पुढील वारस आता इंग्रजांच्या बाजूने उभे होते.

कान्होजीचे मूल्यमापन करताना ही परिणती दृष्टिआड करता येत नाही. त्याच्या दस्तकाची सक्ती देशी व्यापाऱ्यालाही जाचक होती; परवान्याची किंमत आणि जप्तीचे भय अखेर त्याच्याच माथी पडत असे. शिवाय कान्होजीची व्यवस्था त्याच्या वैयक्तिक कर्तृत्वावर आणि छत्रपतींशी जोडलेल्या नात्यावर आधारलेली होती. या दोहोंची जागा घेईल अशी संस्था उभी राहिली नाही. तरीही एक गोष्ट निर्विवाद राहते. समुद्र ही केवळ परकीयांनी वाटून घेण्याची जागा आहे, हे त्याने मान्य केले नाही. पोर्तुगीज, इंग्रज, डच आणि सिद्दी यांपैकी कोणालाही त्याच्या हयातीत त्याचा कागद पूर्णतः निकालात काढता आला नाही. त्याच्याशी लढावे लागले, किंवा तह करावा लागला. मुंबईतील भारतीय नौदलाच्या किनारी तळाला १९५१ मध्ये आंग्रे हे नाव देण्यात आले. ज्या शहराच्या दप्तरात तो चांचा म्हणून नोंदला गेला, त्याच शहरात त्याची सरखेली अशा रीतीने मान्य झाली. चांचा आणि सरखेल या दोन शब्दांतील अंतर त्याच्या कृतींमध्ये नव्हते. ते दप्तर कोणाच्या हाती आहे, यावर अवलंबून होते.